मनाजोगतं लेकरू: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (वऱ्हाड आवृत्ती)

ही मार्गदर्शिका कोणासाठी

अमरावती-अकोला पट्ट्यात ज्यांची लग्नं नुकतीच झाली, जमली, किंवा ज्यांच्या आयांनी परस्पर जमवून टाकली, अशा सर्वांसाठी. विषय: जन्माआधीच लेकराची जनुकं बदलून ते आपल्या पसंतीचं करून घेणं. पूर्वानुभवाची अट नाही. पण वऱ्हाडच्या माणसाला तो आहेच. जनुक बदललेली सरकी आपल्याकडे २००२ पासून पेरली जाते, आणि पोटात काय आहे ते बघून मग ठेवायचं की पाडायचं ते ठरवण्याची रीत त्याच्याही आधीची आहे. या दोन अनुभवांच्या भांडवलावर पुढच्या पायऱ्या चढाव्यात. एकही पायरी गाळू नये.

लागणारं साहित्य: एक नवरा, एक बायको, दोन्हीकडचे आईवडील (मत देण्यासाठी), टेस्ट ट्यूब बेबीचं केंद्र, क्रिस्पर नावाची जनुकं कापायची कात्री, पैसा (मोजू नये, धीर सुटतो) आणि एक कोरा कागद. लेकराची संमतीही लागते, पण ती बाजारात मिळत नाही. तिचं पुढे बघू.

पायरी १: यादी करा

कोऱ्या कागदावर लेकरात काय काय हवं ते लिहा. नमुना शोधत बसू नका. घरात लग्नाचा बायोडाटा असतोच, तोच समोर ठेवा. उंची: पाच फूट दहा इंच. वर्ण: गोरा, निदान निमगोरा. शिक्षण: इंजिनीअर, पॅकेजसह. स्वभाव: मनमिळाऊ. यादी करताना घरातल्या सगळ्यांना विचारा, म्हणजे नंतर कोणी रुसणार नाही. सासरेबुवा 'सरकारी नोकरी' म्हणतील. तिचं जनुक अजून सापडलेलं नाही, हे त्यांना हळूच सांगा. शेवटी आजीला विचारा. ती म्हणेल, "मले काही नाही पाह्यजे बापा. हातपाय धड असले का झालं. अन् पोरगा असला म्हंजे बरं."

आजीचं शेवटचं वाक्य अधोरेखित करून ठेवा. यादीतलं सगळ्यात जुनं कलम तेच आहे.

ही हौस आपल्यालाच सुचली असं समजून संकोचू नका. निवडक, सुदृढ संततीचं वेड मराठी सुशिक्षितांना शंभर वर्षांपूर्वीच लागलं होतं. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी म्हणूनच. त्याच काळात जातीची बंधनं म्हणजे वंश सुधारण्याची शास्त्रीय सोय, असं सांगणारेही होते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या आपल्या प्रसिद्ध भाषणात त्यांची हजेरी घेतली. एवढा वंश सुधारला असेल तर इथली माणसं उंचीनं आणि ताकदीनं अशी खुरटलेली का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. यादी करणाऱ्यानं हे भाषण एकदा वाचावं. यादी थोडी आखूड होते.

पायरी २: यादीतलं काय मिळतं ते बघा

आता यादी घेऊन दुकानात, म्हणजे विज्ञानाकडे जा. पहिल्याच कलमाला निराशा होईल. उंचीवर २०२२ साली जगातला सर्वांत मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नास लाखांवर माणसांची जनुकं तपासल्यावर उंचीशी नातं असलेले बारा हजारांवर बारीक फरक सापडले. ते सगळे जमेला धरूनही, तेही युरोपीय वंशाच्या लोकांत, उंचीतल्या तफावतीचा चाळीस टक्क्यांच्या आसपासच हिशेब लागतो. बारा हजार ठिकाणी कात्री चालवली तर लेकराऐवजी चिंधी हाती येईल. बुद्धीचं, स्वभावाचं गणित तर याहून अवघड. म्हणून इंजिनीअर, मनमिळाऊ आणि पाच फूट दहा या तिन्हींवर तूर्त काट मारा.

पण यादीत कोणी एक गोष्ट लिहिली नाही, आणि तिथे मात्र एका अक्षराचा प्रश्न आहे. ती म्हणजे सिकलसेल. रक्तातलं हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एक अक्षर चुकतं, आणि गोल, लवचीक तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात. हाडं आणि सांधे असे ठणकतात की मोठा माणूसही गडाबडा लोळतो. वरचेवर रक्त कमी होतं, डोळे पिवळे पडतात, लेकरांना जंतुसंसर्ग लवकर गाठतो. विदर्भ हा या आजाराचा पट्टा. आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, मेळघाटही त्यातून सुटलेला नाही.

हिशेब सोपा आहे. हे चुकलेलं जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलं तर माणूस वाहक होतो आणि बहुधा काही त्रासाविना आयुष्य काढतो. दोघांकडून आलं तर रुग्ण. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात रुग्ण लेकरू होण्याची शक्यता शंभरात पंचवीस.

इथे नवशिक्याचे डोळे चमकतात. एकच अक्षर ना? मग खोडा! जरा थांबा. वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. डासांच्या जंगलात हे 'खराब' जनुक हजारो वर्षं टिकून राहिलं ते उगीच नाही. त्यानं कित्येक लेकरं जगवली. एखादं जनुक चांगलं की वाईट, हे ते एकटं आलं की जोडीनं आलं, आणि माणूस कुठे राहतो, यावर ठरतं. खोडरबर हाती घेण्याआधी एवढी नोंद करून ठेवा.

पायरी ३: दुरुस्ती कुठे करायची ते ठरवा

ही पायरी नीट वाचा. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

दुरुस्ती दोन प्रकारची. पहिलीत जन्मलेल्या, जगणाऱ्या माणसाच्या पेशी सुधारतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढायच्या, क्रिस्परनं त्यांत बदल करायचा आणि परत त्यालाच द्यायच्या. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं मान्यता दिली. त्या वेळची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये. (पैसा मोजू नका असं सुरुवातीलाच सांगितलं होतं.) आपल्याकडे सीएसआयआरच्या दिल्लीतल्या जीनोमिक्स संस्थेनं सिकलसेलवरचा देशी क्रिस्पर उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा मुंडांच्या नावानं, 'बिरसा १०१' म्हणून, तो जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं. त्याच वर्षी फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या यकृतातला दुर्मीळ बिघाड खास त्याच्यासाठी बनवलेल्या औषधानं दुरुस्त करायचा प्रयत्न झाला आणि बाळ सुधारलं. या प्रकारात दुरुस्ती त्या रुग्णापुरतीच राहते, त्याच्या मुलाबाळांत उतरत नाही. मोठा माणूस असेल तर तो स्वतः हो किंवा नाही म्हणू शकतो.

दुसरा प्रकार आपल्या पुस्तिकेचा विषय. इथे भ्रूण बहुधा एकाच पेशीचं असतानाच कात्री चालवतात. मग बदल अंगातल्या पेशीपेशीत जातो, पुढे त्याच्या लेकरांत, त्यांच्या लेकरांत. ज्यांना कोणी विचारलं नाही, ज्यांची नावंही ठेवलेली नाहीत, अशा नातवंडा-पणतवंडांवर आपण इथे बसून सही करतो.

घरी समजावताना एवढं सांगा: पहिल्या प्रकारात माणूस आधी असतो, इलाज नंतर येतो. दुसऱ्यात इलाज आधी ठरतो, माणूस त्यावरून घडवतात.

पायरी ४: मागच्या कारागिराचं काम बघा

घर बांधायला देताना आपण मिस्त्रीनं आधी बांधलेलं घर बघून येतो. तसंच इथेही करा. हे काम आजवर उघडपणे केलेला गृहस्थ एकच: चीनमधल्या शेन्झेनचा संशोधक हे जियानकुई. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यानं जाहीर केलं की जनुकं बदललेल्या लुलू आणि नाना या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. वडिलांना एचआयव्ही होता. मुलींना त्याची कधीच लागण होऊ नये म्हणून सीसीआर ५ हे जनुक मोडून टाकलं, असा त्याचा दावा.

कामाची तपासणी केल्यावर दिसलं ते असं. मुलींना वडिलांकडून लागण होऊ नये म्हणून जनुकाला हात लावायची गरजच नव्हती. शुक्राणू धुऊन वापरण्याची साधी पद्धत होती. निसर्गात काही लोकांत जो बदल आढळतो तो हुबेहूब साधलाच नाही, वेगळेच बदल झाले. एका मुलीत जनुकाची एक प्रत तशीच राहिली. अंगातल्या सगळ्याच पेशींत तो बदल झाला का, याचीही खात्री नव्हती. आईच्या पोटात अर्धवट शिकलेल्या अभिमन्यूचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. इथे पोटात जाण्याआधीच काम अर्धवट. शिवाय हे जनुक नसलं की वेस्ट नाइलसारख्या विषाणूचा आजार जास्त बळावू शकतो. आईवडिलांनी सही केलेल्या संमतीपत्राचं शीर्षक होतं 'एड्स लस विकास प्रकल्प'. लस टोचून घ्यायला निघालेला माणूस लेकराची जनुकं बदलून घरी आला.

डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं त्याला तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड सुनावला. तोवर तिसरं बाळही जन्मलं होतं. कारागीर शिक्षा भोगून सुटला. लेकरांना मात्र जन्मभर त्याच घरात राहायचं आहे.

पायरी ५: पुडीवरची सूचना वाचा

वऱ्हाडच्या वाचकानं ही पायरी सगळ्यात हळू चढावी, कारण तो ती एकदा चढून उतरला आहे.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बियाणं जालन्याच्या महिकोचं, जनुक मोन्सँटोचं. मातीतल्या एका जिवाणूचं हे जनुक पऱ्हाटीत घातलं की पऱ्हाटी स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करते. (गुजरातेत तर परवानगीच्या आधीच, २००१ साली, असलं बियाणं चोरून पेरलेलं सापडलं होतं. कायदा मागून चालत येतो, हेही नवशिक्यानं लिहून ठेवावं.) सुरुवातीची वर्षं बरी गेली, ते नाकारायचं कारण नाही. हिरवी बोंडअळी आवरली, तिच्यासाठीची फवारणी घटली, बोंडं भरली.

आता त्या वेळची बियाण्याची पिशवी उघडून बघू. आत साडेचारशे ग्रॅम बीटी बियाणं आणि सोबत एक छोटी, वेगळी पुडी: एकशेवीस ग्रॅम साधं, बीटी नसलेलं बियाणं. ते शेताच्या कडेनं पेरायचं. त्या साध्या झाडांवर काही अळ्या सुखानं जगतील. बीटीवर जगून निघालेल्या एखाद्या कणखर अळीचा जोडा त्यांच्याशी लागेल आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडेल. म्हणजे सगळ्यांचं पीक वाचावं म्हणून प्रत्येकानं आपल्या धुऱ्याकडच्या काही ओळी अळीला सोडायच्या. छापील सूचना होती, चित्रासकट.

पुडीचं काय झालं, ते कुठल्याही गावात विचारा. दुकानदार म्हणे, "थे काय पेरता भाऊ, जागा वाया जाते." पुडी धुऱ्यावर गेली नाहीतर गोठ्यात. वर वेचणी लांबवून फरदड ठेवायची सवय, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवणाची सोय. गुलाबी बोंडअळीनं आधी पहिल्या जनुकाला दाद देणं सोडलं, मग त्यानंतर आलेल्या बोलगार्ड-२ या बियाण्यातल्या दोन्ही जनुकांना. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यानं बोंड फोडलं की आत कापसाऐवजी किडकी, डागाळलेली सरकी आणि गुलाबी अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. पुढे दोन्ही बियाणी एकाच पिशवीत मिसळून द्यायची वेळ आली, कारण वेगळी पुडी कोणी पेरतच नव्हतं.

धडा असा: जनुक शास्त्रज्ञांनी दिलं ते बरोबर होतं, सूचनाही बरोबर होती. ती पाळायला लागणारा संयम पिशवीत भरता आला नाही. प्रत्येकानं आपल्या वावरापुरता विचार केला. तो एकेकट्याच्या जागी चूकही नव्हता, आणि सगळ्यांचं मिळून नुकसान झालं. शिवाय कपाशी बिघडली तर नांगर घालून तूर पेरता येते. लेकरू बिघडलं तर पुढच्या मृगात दुसरं पेरू, असं कोणत्या आईला सांगणार?

पायरी ६: कायदा आणि शेजारी

कायदा थोडक्यात. जनुकं बदललेलं भ्रूण गर्भाशयात ठेवायला भारतात मनाई आहे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं स्पष्ट सांगतात. मार्च २०२३ मध्ये लंडनला झालेल्या, मानवी जनुकबदलावरच्या जागतिक परिषदेनंही, पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा बदल तूर्त स्वीकारता येणार नाही, असाच निष्कर्ष काढला. एवढ्यानं निश्चिंत व्हायला हरकत नव्हती, पण आपल्याला शेजारी आहेत.

अकोल्यातल्या किंवा अमरावतीतल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्राबाहेर पाटी असते: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आत दर गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ भरतात. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्रानं, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये कडक केलेला. आणि शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली किती? महाराष्ट्रात १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. कायदा वाढत गेला, मुली घटत गेल्या. प्रत्येक घराचं म्हणणं एकच: आमच्या एकट्यानं काय फरक पडतो? तिकडे सगळे करून राह्यले. आजीचं अधोरेखित वाक्य आठवा. जनुकाच्या कात्रीची ती पहिली गिऱ्हाईक आहे, आणि तिची मागणी तयार आहे.

आणखी एक नोंद. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं तणनाशकाला न मरणारी, मंजुरी नसलेली कपाशी उघडपणे, सरकारला आव्हान देऊन पेरली. त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात असल्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. गर्भलिंग सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पऱ्हाटीच्या पोटातलं प्रकरण बाईच्या पोटातल्या प्रकरणापेक्षा गंभीर, असा याचा अर्थ नवशिक्यानं काढू नये. पण काढलाच तर त्याला दोष देता येत नाही.

पायरी ७: लेकराची संमती घ्या

कृती: भ्रूणासमोर बसा. नम्रपणे विचारा. उत्तराची वाट बघा.

उत्तर येत नसेल तर असं समजा की लेकरू मोठं होऊन विचारेल. "तुम्ही माझा आजार घालवला का?" याला 'हो' म्हणता येईल, आणि बहुतेक लेकरं आभारच मानतील. "तुम्ही माझा रंग बदलला का? का? माझ्या मूळ रंगात काय वाईट होतं? आई, तुझा तर तोच आहे." याला उत्तर तयार ठेवा. आईबाप लेकरांवर पुष्कळ गोष्टी लादतात: नाव, शाळा, ट्यूशन, मराठी की इंग्रजी माध्यम. पण लादलेल्या ट्यूशनला दांडी मारता येते. लादलेल्या जनुकाला दांडी मारता येत नाही.

पायरी ८: नापास लेकरांची सोय करा

निवड म्हटली की नापासही आले. त्यांचं काय करायचं, ते आधीच ठरवावं. अमरावती जिल्ह्याला याचाही अनुभव आहे. अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. रेल्वे स्टेशनावर, बसस्टँडवर, कचराकुंडीत सोडून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद लेकरं राज्यभरातून तिथे आली. शंभरावर लेकरांना बाबांनी बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव दिलं, कित्येकांची लग्नं लावली. अठरा वर्षं पूर्ण झाली की अशा मुलांना बालगृहाबाहेर काढायचा नियम बदला, म्हणून ते सरकारकडे सतत मागणी करत राहिले. २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथेच वाढलेली, तान्ही असताना जळगावच्या रेल्वे स्टेशनवर सोडून दिलेली एक अंध मुलगी एमपीएससीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. तिला टाकून जाणाऱ्यांच्या यादीत ती नापास होती.

इथे एक सावधगिरीची सूचना. अशी उदाहरणं देऊन 'अपंगत्व किती छान' असं कोणी म्हणू नये. आंधळेपण सोपं नाही, आणि ज्या आजारावर इलाज आहे तो झालाच पाहिजे. पण आपल्याच जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला १८८१ साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांचे डोळे तान्हेपणीच, पण जन्मानंतर काही महिन्यांनी गेले. म्हणजे भ्रूण तपासलं असतं तर तो गडी पास होता! पुढे तो आंधळा झाला आणि शंभरावर ग्रंथ सांगून गेला. तपासणीत पास झालेलं लेकरू पुढे तापानं, अपघातानं, उपासमारीनं नापास होऊ शकतं. त्या दिवशी घरातले त्याच्याकडे कसं बघणार, हे कुठल्याही कात्रीत नसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रोग घालवण्यापुरतीच दुरुस्ती केली तर वाईट काय?*
प्रश्न रास्त आहे. तंत्र पूर्ण सुरक्षित झालं तर या दाराला कायमचं कुलूप लावावं असं ही पुस्तिका म्हणत नाही. पण ज्यांना याच वाटेनं जावं लागेल अशी जोडपी फार थोडी, जसं नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे रुग्ण. दोघंही वाहक असतील तर टेस्ट ट्यूबच्या पद्धतीनं भ्रूण तपासून निरोगी भ्रूण ठेवता येतं. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी कायद्याला मान्य आहे. आणि 'रोग' कशाला म्हणायचं, हे ठरवणार कोण? आपल्या बायोडाट्यांत सावळा रंग रोगासारखाच लपवला जातो.

*अमेरिकेत भ्रूणांना गुण देतात म्हणे?*
देतात. भावी रोगांचे, कुठे कुठे बुद्धीचेही अंदाज सांगणाऱ्या कंपन्या आहेत. बारावीच्या टक्क्यांवरून लेकरांची किंमत करणाऱ्या समाजाला हे पटायला वेळ लागणार नाही, म्हणूनच जपून.

*गर्भसंस्कारानं जमणार नाही का?*
आईला पुरेसं जेवण, विश्रांती, लोहाच्या गोळ्या आणि घरच्यांची शांत जीभ मिळाली तर पुष्कळ जमतं. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ पासून गाजतो आहे, उच्च न्यायालयापर्यंत गेला. ती लेकरं जनुकाचं अक्षर चुकलं म्हणून गेली नाहीत. कमी वजन, न्यूमोनिया, जुलाब, दवाखान्याचं अंतर आणि आईच्या ताटातलं अन्न ही त्यांची कारणं.

शेवटची पायरी: यादी फाडा आणि एक तपासणी करा

इतकं वाचून कागदावर काय उरलं ते बघा. उंची गेली, इंजिनीअर गेला, मनमिळाऊ स्वभाव तर कधीच गेला. गोरा रंग लाजेनं गेला. पोरगा कायद्यानं गेला, आणि तो तसाही जायलाच हवा होता. उरला तो यादीत कोणी न लिहिलेला आजार, आणि त्याला आज कात्रीची गरज नाही.

तपासणी अशी. बोटाला टोचून थेंबभर रक्त काढतात आणि औषधाच्या छोट्या नळीत टाकतात. काही मिनिटं थांबतात. मग नळी छापील रेघांच्या कागदासमोर धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी करून माणूस वाहक आहे की रुग्ण ते कळतं. रुग्ण असेल तर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आहेत, वेळच्या लसी आहेत, नियमित दवाखाना आहे. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे आणि सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते.

मग माणसं करत का नाहीत? "पोरीचं लगन मोडते" म्हणून. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते बघायला आपण गुरुजींना दक्षिणा देतो, आणि फुकटचं रक्त तपासायला घाबरतो. तपासणीचं कार्ड पेटीच्या तळाशी लपवतो. वाहक असणं हा दोष नाही, लाज नाही, लग्न मोडायचं कारण तर नाहीच. दोघंही वाहक निघाले तर डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवता येतं, एवढ्यासाठी ते माहीत असावं लागतं.

तेव्हा एवढंच करा. अमरावतीचे असाल तर डफरीन दवाखान्यात, अकोल्याचे असाल तर लेडी हार्डिंग दवाखान्यात, नाहीतर गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सिकलसेलच्या तपासणीची चौकशी करा. पत्रिका दाखवण्याआधी दोघांनी ती तपासणी करून घ्या. निकाल काहीही आला तरी पोरीच्या नावानं बोटं मोडू नका. आणि लेकरू झालं की यादी न बघता त्याला उचलून घ्या.